१९७२ चा दुष्काळ आणि आजची उष्णता: मंगळवेढ्याहून आलेला प्रश्न

प्रश्न: साहेब, १९७२ चा दुष्काळ माझ्या वडिलांनी काढला. अवकाळीही तेव्हा व्हायचीच. मग हवामान माणसामुळं बदललं याला पुरावा काय? आणि आम्ही कोरडवाहू ज्वारीवाल्यांनी करायचं काय?

उत्तर: दादा, सोलापूरला दुष्काळ नवा नाही, आणि एका कोरड्या वर्षावरून हवामानबदल सिद्धही होत नाही. पुरावा हवेत आहे. हवाई बेटावर मौना लोआ इथं १९५८ पासून हवेतला कर्बवायू, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा कार्बन डायऑक्साइड, मोजतात. तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर गेलाय. कारखानदारीच्या आधी तो २८० च्या आसपास होता.

हा जादा कर्ब आला कुठून, तेही ओळखता येतं. पाचट पेटवलं तर धुरात जाणारा कर्ब उसानं वर्ष-दीड वर्षात हवेतूनच घेतलेला असतो. कोळसा-डिझेलमधला कर्ब कोट्यवधी वर्षं गाडलेला. त्यात किरणोत्सारी कार्बन-१४, म्हणजे काळानुसार विरत जाणारा कर्बाचा प्रकार, उरलेलाच नसतो. हवेत खूण सापडते ती या जुन्या कर्बाची. (पाचट तरीही पेटवू नका, रानाच्या तोंडचा घास आहे तो.) सूर्यच जास्त तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट थंड होतोय.

धोरणाचं म्हणाल तर २०१५ चा पॅरिस करार आहे, आणि भारतानं २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा, म्हणजे जितका सोडू तितका परत शोषून घेण्याचा, शब्द दिलाय. कोळसा-तेल कमी करण्याचा हा भार तुमच्या ज्वारीवर टाकणं मला अजिबात पटत नाही. तुम्हाला जपायची आहे ती ओल.

हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा धो-धो कोसळतो, आणि उघडीप पडली की तीच हवा रान शोषून घेते. जुलैतच १० बाय १० मीटरचे बंदिस्त वाफे पाडा, म्हणजे मोठ्या सरीचं पाणी जागीच मुरेल. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या आत उरका. वाण म्हणाल तर हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा, भारी रानात फुले वसुधा घ्या.

पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करा, म्हणजे ओळींमधली माती कोळप्यानं हलवा. शेवटची पाळी मजूर मिळत नाही म्हणून बरेच जण सोडतात, आणि तिथंच फसतात. काळ्या रानातल्या भेगेत हात घालून बघा, आतली माती गार लागते. ती ओल त्याच भेगेतून उडून जाते. दातेरी कोळप्यानं भेगा बुजवल्या की तीच ओल कणसात दाणा भरेपर्यंत पुरते.