ओपन सोर्स प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये बाहेरचे कॉन्ट्रिब्युटर टिकावे म्हणून काय करावं?
दर्यापूरजवळच्या खेड्यातून जॉइन होतो, म्हणून सांगतो. अजेंडा एक दिवस आधी टाका अन् वेळ यूटीसीत (जगभर एकच धरतात त्या प्रमाणवेळेत) लिहा, कारण कॅलिफोर्नियातले सकाळचे 9 म्हणजे आमचे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि नोव्हेंबरपासून साडेदहा, तिकडं घड्याळ बदलते, आपलं नाही. पण मेन गोष्ट म्हणजे निर्णय कॉलवरच फायनल करू नका जी, नोट्स इश्यूमध्ये (प्रोजेक्टच्या ऑनलाइन चर्चेच्या नोंदीत) टाकून दोन-तीन दिवस थांबा, इथं लाइन गेली की टॉवरही जातो, माणूस मधेच कटतो अन् त्याचं म्हणणं राहूनच जाते. कॅमेऱ्याची सक्ती नकोच. नवीन कोणी आलं तर आधी त्याचा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे त्यानं प्रोजेक्टमध्ये सुचवलेला बदल) घ्या, आतल्या टीमच्या गोष्टी नंतर. माझा पहिला पीआर असाच पाच मिनिटात कॉलवर रिव्ह्यू झाला, तेव्हापासून मी येतोच आहे.