आजीचं खुब्याचं हाड मोडलंय, बीपी-शुगर आहे. ऑपरेशन थोडं लांबवावं का?

सहसा नाही. दाखल झाल्यापासून २४ ते ४८ तासांत ऑपरेशन व्हावं. मोडलेल्या हाडापेक्षा अंथरुणाचं भय मोठं: कूस बदलताना कळवळणारं माणूस धड खोकतही नाही, मग न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या, माकडहाडाशी बेडसोर. २०२० च्या ‘हिप अटॅक’ नावाच्या वैद्यकीय अभ्यासात निदानानंतर साधारण ६ तासांत ऑपरेशन करून मृत्यू घटले नाहीत, पण भ्रम (अचानक गोंधळणं, असंबद्ध बोलणं) कमी झाला, रुग्ण लवकर उभे राहिले.

हार्ट फेल्युअर, छातीतला संसर्ग, फार घसरलेलं सोडियम, रक्त पातळ करणारी गोळी, यांसाठी थोडं थांबावं लागतं. नुसतं बीपी किंचित वाढलंय म्हणून दिवस घालवू नका. आणि तोवर वेदनेसाठी नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) देता येईल का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा.