बालदंतचिकित्सेसाठी महाविद्यालय निवडताना

प्रश्न : दंतवैद्यकाची पदवी झाली आहे. बालदंतचिकित्सेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी महाविद्यालय निवडताना नावलौकिकच पाहावा का?

उत्तर : मान्यता तपासावीच, मात्र नावलौकिकावर न विसंबता बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ बसून पाहावे. किडलेल्या दुधाच्या दाढेतील मज्जेचा (आतील नसा व रक्तवाहिन्यांच्या मऊ गाभ्याचा) वरचा भाग काढून त्या दाढेवर स्टेनलेस स्टीलची टोपी बसवण्याचे काम विद्यार्थी स्वतः करतात की नुसते शेजारी उभे राहतात, आणि तोंड घट्ट मिटून बसलेल्या 4 वर्षांच्या मुलाच्या हाती आधी छोटा आरसा देऊन त्याला विश्वासात घेतले जाते की थेट त्याचे हातपाय धरले जातात, यावरून तेथील शिकवण कळते. मुलाला शांत करणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूची आणि संपूर्ण भुलीखालील उपचारांची सोयही विचारावी. इमारतीच्या चकचकाटाला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी, शक्यतो प्राध्यापक समोर नसताना, जरूर बोलावे.