पाने पिवळी पडली, पण नेमकी कोणती?

प्रश्न : आमच्या गच्चीवर सिमेंटच्या कुंडीत तीन वर्षांपूर्वी कागदी लिंबाचे कलम लावले आहे. माती शेतातली काळी, त्यात शेणखत मिसळले होते. पाणी बोअरचे देते. मार्चपासून शेंड्याची नवी पाने पिवळी निघत आहेत, शिरा मात्र हिरव्या दिसतात. दोनदा युरिया घातला, अंड्याची टरफले आणि चुलीतली राखही घातली, तरी पिवळेपणा वाढतच आहे. झाडाला काय कमी पडते आहे?
(एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : आपण शेंड्याची पाने आणि हिरव्या शिरा या दोन्ही गोष्टी आवर्जून लिहिल्यात, त्यामुळे निदान पुष्कळ सोपे झाले. झाडाला नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले, तर ते जुन्या पानांतले अन्न काढून नव्या पालवीला देते, म्हणून पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो. नत्र कमी असेल तर पान शिरांसकट सरसकट फिकट होते, आणि मॅग्नेशियम कमी असेल तर लिंबाच्या जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक राहून बाकीचे पान पिवळे पडते. लोहाचे तसे नाही. एकदा पानात गेलेले लोह तिथून हलत नाही, म्हणून त्याची उणीव कोवळ्या पानांवरच प्रथम उमटते. असे एक पान उजेडासमोर धरून पाहा. पिवळ्या पडद्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी स्पष्ट दिसली, तर ती लोहाचीच खूण समजावी. ऊस उत्पादक ज्याला ‘केवडा पडला’ म्हणतात, त्याच जातीचा हा विकार आहे. नवी पाने लहान, अरुंद राहून शिरांमध्ये पिवळे पट्टे दिसत असतील, तर जस्ताचीही कमतरता आहे. लिंबात या दोन्ही उणिवा पुष्कळदा जोडीनेच येतात.

मात्र मातीत लोहच नाही, असा याचा अर्थ नव्हे. आपल्याकडची काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्या खडकात लोह भरपूर असते. अडचण चुनखडीची आहे. मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) साडेसातच्या वर गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते आणि मुळांना ते उचलता येत नाही. खात्री करायची असेल तर कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाका. बुडबुडे आले तर मातीत मोकळा चुना आहे. आता त्या चुनखडीच्या मातीत सिमेंटच्या कुंडीचा चुना, बोअरच्या जड पाण्याचे क्षार, टरफले आणि राख यांची भर पडली. टरफलांत चुनाच असतो आणि राख अल्कधर्मी असते. आपण हे सारे मायेने घातलेत हे मला कळते, पण त्याने लोह आणखी अडकले. युरियाने पालवी जोमाने फुटली असेल, तर त्या पालवीला लोहाची गरजही वाढली. युरिया, टरफले आणि राख हे तिन्ही आजच बंद करावे.

पाण्याबाबत आपल्या शहरातील वाचकांना एक कळकळीची विनंती आहे. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत तळाशी उरलेले पाणी आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून घरोघरी कुंड्यांना घातले जाते. या दोन्ही पाण्यांत क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त झालेले असतात. कुंडीच्या काठाला पांढरी खरपुडी आणि पानांची टोके तपकिरी करपलेली दिसली, तर तो क्षारांचाच परिणाम समजावा. एसीतून ठिबकणारे पाणी मात्र क्षारविरहित असते. ते जरूर साठवावे, आणि पावसाचे तर एक घमेलेही वाया घालवू नये.

तात्पुरता उपाय म्हणून एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर बारीक फवारावे, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे. द्रावण ताजेच वापरावे. प्रथम दोन-चार पानांवर फवारून दोन दिवस वाट पाहिलेली बरी. पुष्कळदा थेंब जिथे टेकला तेवढाच ठिपका हिरवा होतो, म्हणून पानाच्या दोन्ही बाजू नीट भिजल्या पाहिजेत. हिराकस या मातीत घातल्यास थोड्याच काळात निकामी होतो. मातीतून द्यायचे असेल तर चिलेटेड लोह (मुळांना उचलता यावे अशा रूपात बांधलेले लोह) घ्यावे, पण पाकिटावर ‘ईडीडीएचए’ हा प्रकार लिहिलेला आहे ना, ते पाहून घ्यावे. दुकानात सहज मिळणारा ‘ईडीटीए’ चुनखडीच्या मातीत फारसा टिकत नाही.

कायमचा उपाय माती बदलण्याचा आहे, पण तो या उन्हात करू नये. मृगाच्या सरी पडून हवा थंडावली की कलम मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या मोठ्या कुंडीत हलवावे आणि चुनखडी नसलेली लाल माती, कोकोपीट व चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण वापरावे. निव्वळ काळी माती कुंडीत का नको, याचे आणखी एक कारण आहे. ती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेने बोटभर फट पडते. घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते, भोकातून वाहताना दिसते आणि आपल्याला वाटते की झाडाला पोटभर मिळाले. प्रत्यक्षात मधला गड्डा कोरडाच असतो. तोवर फट दिसताच वरची माती खुरप्याने हलवून ती बुजवावी आणि पाणी थांबून थांबून दोन टप्प्यांत द्यावे.

प्रश्न : कुंडीतल्या डाळिंबाची जुनी-नवी सगळीच पाने पिवळी होऊन गळत आहेत. रोज पाणी घालतो, कुंडीखाली ताटलीही ठेवली आहे.
(एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर : ताटली आधी काढा. मातीत दोन पेरे बोट घालून पाहा. आत चिखल लागला आणि आंबूस वास आला, तर मुळे गुदमरली आहेत. अशा वेळी खत देणे घातक ठरते. गड्डा अलगद बाहेर काढून तपकिरी, मऊ पडलेली मुळे कापावीत, तळाचे भोक मोकळे करावे आणि वरची दोन पेरे माती सुकल्यावरच पाणी द्यावे. बहार धरण्यासाठी बागेत पाणी तोडल्यावरही डाळिंबाची पाने पिवळी होऊन गळतात, तेव्हा नुसत्या पानांवरून ओल जास्त की कमी हे ठरत नाही. बोट मातीत घालावेच लागते.

प्रश्न : कुंडीतल्या सीताफळाची पाने जानेवारीत पिवळी पडून सारे झाड बोडके झाले होते. रोग असेल का?
(एक वाचक, शेळगी)

उत्तर : नाही. थंडी-कोरडीत पाने गाळणे हा सीताफळाचा धर्मच आहे. फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. पाने नसतील त्या काळात पाणी निम्म्यावर आणावे आणि नवे डोळे फुगू लागल्यावर हळूहळू वाढवावे.