चर्च बदललं तर घर सुटेल का?

"मॅडम, मी चर्च बदललं तर पप्पांना मंडळीत तोंड दाखवता येणार नाही."

कुटुंबांचं समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्या मुलामुलींच्या तोंडून ऐकलं आहे की पुढचं बोलणं आधीच ओळखता येतं. कुणी नगरचं असतं, कुणी श्रीरामपूरचं, कुणी सोलापूरचं. नोकरीसाठी पुण्यात आलेलं. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला. संडेस्कूल, नाताळची नाटकं, तरुण संघ, सगळं घरच्या मंडळीत, म्हणजे घरच्या चर्चच्या समाजात. पुण्यात मित्रांबरोबर एखाद्या फेलोशिपला, म्हणजे नव्या प्रार्थनागटाला, जाणं सुरू होतं, तिथली मोकळी प्रार्थना भावते आणि एक दिवस पाण्यात बुडून, स्वतःच्या तोंडानं कबुली देऊन बाप्तिस्मा घ्यावासा वाटतो. घरी कळलं की रडारड. मी मराठी ख्रिस्ती घरातच वाढले, त्यामुळे ही रडारड कशाची ते मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

अशीच एक सव्वीस वर्षांची मुलगी आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आजोबा मंडळीचे पंच होते, वडील चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीचे सेक्रेटरी. ती तावातावानं म्हणाली, "माझा विश्वास माझा आहे. देवावर प्रेम करायला कमिटीची परवानगी घ्यायची का?"

"कमिटीची नको. पप्पांशी बोललीस?"

"सांगितलंय त्यांना."

"कसं?"

"व्हॉट्सॲपवर." मग जरा थांबून, "ईस्टरला घरी गेले नाही. फोनही उचलत नाही. उचलला की भांडण होतं."

तिचा निर्णय झाला होता, पण तो घेऊन घरच्यांसमोर उभं राहायचं बळ अजून आलं नव्हतं. अशा वेळी मुलं लांब पळतात आणि त्या पळण्यालाच स्वातंत्र्य समजतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांच्या विचारांवर माझं काम उभं आहे. घरातला एक जण वेगळा होऊ लागला की सगळं घर त्याला मागं ओढतं, असं त्यांनी दाखवून दिलं. तो चिडून तुटला तर गुंता तसाच राहतो. शांतपणे आपलं म्हणणं धरून, नातं न सोडता उभा राहिला, तर हळूहळू घरही बदलू लागतं. म्हणून मी तिला बाप्तिस्म्याविषयी काही विचारलंच नाही. पप्पांना घेऊन ये, एवढंच म्हटलं.

पप्पा आले. आवाज न चढवता बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "ही म्हणते माझं मी बघीन. पण मॅडम, आपण माणसं किती? आमची आई गेली तेव्हा पावसात चर्चच्या पोरांनी खड्डा खणला. उद्या कमिटीनं हिचं नाव कमी केलं, तर हिच्या लग्नाला कोण उभं राहील? हिच्या मातीला कोण येईल?"

मुलगी गप्प झाली. तिला वाटत होतं, पप्पांना अब्रूची काळजी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकही भरत नाहीत. एवढ्याशा समाजात रविवारच्या उपासनेबरोबर लग्न, आजारपण, मयत, नोकरीचा शब्द हे सगळं मंडळीच्याच आधारानं चालतं. तिथून एक जण उठला की घरच्यांना पायाखालची जमीन हलल्यासारखं वाटतं. ही भीती मागासलेपणाची नाही. नव्या फेलोशिपांमधल्या लोकांनीही ती हसण्यावारी नेऊ नये.

मग मी विचारलं, "तुमच्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा कुणी घेतला?"

त्यांचा चेहरा खुलला. "माझ्या आजोबांनी. मिशनच्या शाळेत शिकले होते ते. भाऊबंदांनी वाळीत टाकलं. त्यांची आई बोलेना. तरी ते रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसायचे. ती बोलत नसली तरी बसायचे. पुढं वाड्यातली आणखी घरं आली."

"हे मला कधी सांगितलं नाहीत," मुलगी म्हणाली.

"तू विचारलंस कधी?"

मी मध्ये पडले नाही. या कामात गप्प कधी राहायचं हे मी फार जपून शिकले आहे. बऱ्याच वेळानं पप्पाच सावकाश म्हणाले, "त्यांनी तरी कुठं कुणाला विचारलं होतं."

आणि ती म्हणाली, "पण ते ओट्यावर जात होते. मी फोन उचलत नाही."

माझ्या दृष्टीनं काम इथं झालं. ज्या मंडळीला पप्पा जिवापाड जपत होते, तिची सुरुवात एका माणसानं घरच्यांच्या मनाविरुद्ध केली होती. आणि ज्या धाडसावर मुलीचा हक्क होता, त्याच्या जोडीला रोज आईच्या दारी जाणंही होतं. दोघांनाही आपापला वाटा एकाच पूर्वजात सापडला. बाहेरून कितीही समजावलं असतं तरी हे उमगलं नसतं.

आपल्या इतिहासात असं पुष्कळ आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर पंडिता रमाबाईंनी तिथल्या धर्मभगिनींना ठामपणे कळवलं होतं की मी ख्रिस्ताची आहे, म्हणून धर्मगुरूंचा शब्द न् शब्द मानायला बांधलेली नाही. ज्यांची भजनं आपण दर रविवारी गातो, त्या नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही होते. यांना आज आपण आपलेच म्हणतो.

पुढं ती घरच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, स्वतः भेटली. त्यांनी स्पष्ट सांगितलं: १९७० मध्ये नागपुरात सहा चर्चेस एक होऊन आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा तान्ह्या बाळांचा आणि कळत्या वयातला, दोन्ही बाप्तिस्मे मान्य झाले, पण झालेला बाप्तिस्मा पुन्हा घेणं आम्हाला पटत नाही. ती म्हणाली, "पहिल्यांदा कुणीतरी मला कारण सांगितलं." निर्णय तिनं अजून घेतलेला नाही, आणि तो काय असावा हे सांगणं माझं काम नाही. नाताळला मात्र ती घरच्या क्वायरमध्ये गायली. आई अजून धुसफुसते, "एकदा झालाय ना, मग पुन्हा कशाला?" त्यावर दोघी तासन् तास वाद घालतात. मला ते चांगलं लक्षण वाटतं.

मुलांनो, निर्णय मेसेजवर कळवू नका. समोर बसा, आणि पटवून देण्याआधी घरच्यांना कशाची भीती वाटते ते विचारा. ती भीती ऐकून घेतली म्हणजे तुम्ही माघार घेतली असं होत नाही. आईवडिलांनो, "लोक काय म्हणतील" हे आधी म्हणू नका. "तू एकटी पडशील" असं मनात असेल तर तेच म्हणा.

आणि कमिट्यांना विनंती. रोममधल्या मंडळीत खाण्यापिण्यावरून आणि सणवारांवरून फूट पडू लागली, तेव्हा प्रेषित पौलानं त्यांना पत्रात लिहिलं की ज्यानं त्यानं आपल्या मनाची पूर्ण खात्री करून घ्यावी, आणि त्याच अध्यायात एकमेकांना तुच्छ मानू नका असंही बजावलं. नाव कमी करण्याचा ठराव घेण्याआधी त्या मुलाला बोलवा, त्याचं ऐका. लग्न आणि दफन यांबाबत तुमचा नियम काय आहे ते आत्ताच लेखी सांगा. आईबाप त्या एका उत्तरासाठी रात्र रात्र जागतात आणि विचारायला घाबरतात.