बाबा ड्युटीवर, नात आजीकडे

प्रश्न: मुलगा सैन्यात आहे, सध्या लांब पोस्टिंग लागलंय, सूनबाईची नोकरी, म्हणून ४ वर्षांची नात आमच्याकडे असते. मध्यंतरी सगळं नीट चालू होतं पण आता परत अंथरूण ओलं करायला लागलीये आणि बाबाचा फोन आला की बोलायलाच तयार नसते. आमचं काही चुकतंय का?

उत्तर: काकू, तुमचं काहीच चुकत नाहीये. या वयात ‘६ महिने’ म्हणजे किती हे कळतच नाही हो, बाबा दिसत नाही एवढंच कळतं आणि तो ताण मग असा झोपेत बाहेर पडतो. रागवू नका, गुपचूप चादर बदला. एकदा डॉक्टरांना मात्र दाखवा, लघवीचं इन्फेक्शनपण असू शकतं.

फोनची जबरदस्ती नको. फोन ठेवताना दरवेळी परत निरोप घ्यावा लागतो ना, तेच तिला जड जात असेल, त्यापेक्षा मुलाला म्हणा नेटवर्क मिळेल तेव्हा एखादी गोष्ट रेकॉर्ड करून पाठव, ती रोज झोपताना लावा, तोच आवाज तीच वेळ. येण्याची तारीख तिला सांगू नका, रजा पुढे ढकलली गेली तर फार हिरमुसते पोर. आणि ती जागी असताना टीव्हीवरच्या युद्धाच्या बातम्या बंद, हे अगदी कळकळीने सांगतेय.

तो घरी आला की ती कदाचित तुमच्याच मागे लपेल, मुलाला आधीच कल्पना द्या नाहीतर त्याला खूप लागेल. तिला तिच्या वेळेने जवळ येऊ दे.