‘बाबाही उशिराच बोलले होते’

“याचा बाबा तीन वर्षांचा झाला तरी तोंड उघडत नव्हता. आता कुणाला बोलू देत नाही!” आजी हसल्या. आई हसली नाही. तिच्या मांडीवर सव्वादोन वर्षांचा मुलगा. आपण त्याला चिनू म्हणू. शब्द जेमतेम चार-पाच.

“थोडं थांबून बघू का, मॅडम? आत्ताच थेरपी लावली तर शिक्का बसेल ना?” हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो.

मी साबणाच्या फुग्यांची बाटली टेबलावर ठेवली. चिनूने आईचं मनगट धरलं आणि तिचा हात झाकणावर नेऊन ठेवला. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, बोटही दाखवलं नाही. मला शब्दांपेक्षा हे जास्त खटकलं. दीड वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवतं, दोनच्या आसपास ‘आई ये’ असे दोन शब्द जोडतं. काही मुलं उशिरा बोलून आपोआप बरोबरीला येतात, हे खरंच. पण आपलं मूल त्यांतलंच आहे, हे दुसऱ्या वर्षी छातीठोकपणे सांगता येत नाही.

आधी कानाची तपासणी करायला सांगितली. “टीव्ही लावला की धावत येतो की!” आजींना ते पटेना. थोडं कमी ऐकू येणारं मूलही मोठ्या आवाजाला वळतं; बारीक व्यंजनं मात्र निसटतात. चिनूचे कान ठीक निघाले. निदानाची वाट न पाहता स्पीच थेरपी सुरू झाली. मदतीसाठी निदानाचं नाव लागत नाही, उशीर दिसला की पुरे.

पहिल्या सत्रानंतर आई नाराज. “हा तर नुसता खेळ!” खेळच होता. फुगे उडवायचे, थांबायचं, मनात पाच मोजायचे, त्याने पाहिलं की पुन्हा उडवायचे. खरं काम घरी, आंघोळीत, जेवताना. आवडती गाडी झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवायची आणि त्याने मागेपर्यंत थांबायचं. आजींना हेच सगळ्यात जड गेलं. न मागता देण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही!

तिसऱ्या महिन्यात चिनूने डब्याकडे बोट केलं आणि वळून आईकडे पाहिलं. “दे” त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं. पुढचं मूल्यमापन अजून व्हायचंय, आणि पहिल्या दिवशी खटकलं त्यामागे ऑटिझम (स्वमग्नता) आहे की नाही, हा प्रश्न उघडाच आहे.

आजी आता बोटांवर पाच मोजतात. कधीकधी तीनवरच देऊन टाकतात.